एका घराचें प्यादें

बुद्धिबळाच्या पटावरील अगदीं कडेचें प्यादें एक घर पुढें सरकवावें, यापेक्षां अधिक क्षुल्लक कृति त्या खेळांत शोधूनहि सांपडावयाची नाहीं. तिनें कोणाला शह बसत नाहीं, कोणाचें मोहरें मरत नाहीं, वजिराला किंवा उंटाला बाहेर पडावयाला नवी वाट मिळत नाहीं. नवशिक्याला कांहीं सुचेनासें झालें म्हणजे तो हमखास हीच खेळी करतो, आणि भोंवतीं बसलेले बघे (बुद्धिबळाच्या पटाभोंवतीं बघे हे असावयाचेच, आणि त्यांना खेळणारापेक्षां अधिक कळावयाचें हेंहि ठरलेलेंच) एकमेकांकडे पाहून हंसतात. अशाच एका खेळीविषयीं आज मला लिहावयाचें आहे. १९३० सालच्या अखेरीस इंग्लंडांतील हेस्टिंग्ज या समुद्रकांठच्या गांवीं सुरू झालेल्या स्पर्धेंत एका पंजाबी माणसानें एका माजी जगज्जेत्यासमोर ती केली, आणि तो डाव त्या पंजाबी माणसानें जिंकला. गोष्ट एवढीच असती तर ती खेळाच्या नोंदवहींत राहिली असती. पण त्या खेळीचें पुढें जें झालें, तिला जें नांव मिळालें आणि जें मिळालें नाहीं, तें कांहीं केल्या माझ्या मनांतून जात नाहीं.

ही खेळी नीट समजावयाची तर आधीं आपल्या घरगुती बुद्धिबळाकडे वळलें पाहिजे. मला हा खेळ आजोबांनीं शिकविला तो जुन्या देशी रीतीनें. त्या रीतींत प्रांताप्रांतांचे आणि क्वचित् घराघरांचेहि भेद असत. पण मुख्य नियम बहुधा सारखे. प्यादें पहिल्या खेळीलासुद्धां एकच घर चालावयाचें. राजाला किल्लेकोटाचा आसरा नाहीं. त्याऐवजीं शह बसण्यापूर्वीं, साऱ्या डावांत एकदांच, घोड्यासारखी एक उडी मारण्याची त्याला मुभा. प्यादें पलीकडच्या कांठाला पोंचलें तर ज्या मोहऱ्याच्या घरीं तें पोंचेल त्याच मोहऱ्याचें रूप त्यानें घ्यावयाचें; हत्तीच्या घरीं हत्ती, घोड्याच्या घरीं घोडा. वाटेल तेथें पोंचावें आणि वाटेल तेव्हां वजीर करून घ्यावा, ही विलायती चैन तेथें नव्हती. आणि सर्वांत मानाची मात म्हणजे प्यादेमात. वजीर-हत्तींच्या जोरावर राजा कोंडला यांत कसलें आलें आहे कौतुक, असें आजोबा म्हणत. ज्याला कोणी मोजीत नाहीं त्याच्या हातून राजा मेला पाहिजे.

अशा खेळाची लय अर्थातच संथ असे. दोन्ही सैन्यें आपापल्या हद्दींत दहा-बारा खेळ्या निवांतपणें मांडणी करीत बसत. आज हें प्यादें एक घर, मग तें प्यादें एक घर. घोडा बाहेर, उंट त्याच्या पाठीशीं. घाई करणाराला कांहीं लाभत नसे, कारण घाई करावयाला साधनच नव्हतें. विलायती खेळाचें याच्या उलट. तेथें मधलीं प्यादीं पहिल्याच हातास दोन-दोन घरें झेप घेऊन छातीला छाती लावून उभीं राहतात, चौथ्या-पांचव्या खेळीला मारामारी जुंपते, आणि म्हणूनच पहिल्या आठ-दहा खेळ्यांचें त्या लोकांनीं एक स्वतंत्र शास्त्र बनविलें आहे. त्यावर ग्रंथांच्या राशी आहेत. या आरंभांना नांवें असतात. कोणाला गांवाचें, कोणाला देशाचें, कोणाला माणसाचें. एखाद्या आरंभाला आपलें नांव लाभावें यासारखें भाग्य त्या जगांत दुसरें नाहीं. बक्षिसांच्या रकमा खर्चून जातात आणि अजिंक्यपदें हातचीं जातात, पण शंभर वर्षांनीं कोणीतरी अनोळखी पोर पटासमोर बसून तें नांव उच्चारतें.

मीर सुलतानखान हा पंजाबांतील मिठा टिवाणा या गांवचा. विसाव्या शतकाच्या आरंभींचा त्याचा जन्म. वडिलांनीं लहानपणींच त्याला देशी बुद्धिबळ शिकविलें, आणि तरुण वयांतच त्या मुलखांत त्याला तोडीस तोड उरला नाहीं. तिकडचे बडे जमीनदार सर उमर हयातखान टिवाणा यांनीं त्याला आपल्या पदरीं घेतलें आणि विलायती नियम शिकविण्याची व्यवस्था केली. १९२८ सालच्या अखिल हिंदुस्थानच्या स्पर्धेंत नऊ डावांपैकीं आठ जिंकून आणि एक बरोबरींत सोडवून तो पहिला आला. पुढल्या वर्षीं सर उमर लंडनला गेले तेव्हां त्याला बरोबर घेऊन गेले. तेथें त्याच्या सरावासाठीं एक लहानशी स्पर्धा भरविण्यांत आली, तींत हा हिंदुस्थानचा विजेता शेवटच्या जागेच्या मानकऱ्यांपैकीं एक ठरला! मग विंटर आणि येट्स या दोन इंग्रज खेळाडूंनीं आरंभाचें शास्त्र त्याच्याकडून घोटून घेण्याची खटपट केली. ती कितपत साधली याविषयीं मतभेद असतील; पण त्याच उन्हाळ्यांत रॅम्सगेट येथें त्यानें ब्रिटिश अजिंक्यपद जिंकलें, आणि पुढें १९३२ व १९३३ सालींहि तें पुन्हां मिळविलें. विलायती नियम शिकून तीन-चार वर्षेंच झालेल्या माणसानें साऱ्या साम्राज्याचें पहिलें पद घ्यावें हें कोणालाहि अजब वाटेल. लंडनचा गारठा त्याला सोसत नसे. घशाचें दुखणें आणि हिंवताप हे त्याचे नित्याचे सोबती. गळ्याला पट्टी गुंडाळून तो पटाशीं येऊन बसे.

वाचकांच्या लक्षांत आलें असेल कीं सर उमर यांना मी बहुमानानें संबोधितों आणि सुलतानखानाचा उल्लेख एकेरींत करतों. यांत उणें लेखण्याचा हेतु नाहीं. कवि, गवई आणि खेळाडू यांना एकेरींत बोलावण्याची आपली जुनी रीत आहे, आणि ती जवळिकीची आहे. कापाब्लांकालाहि मी तोच न्याय लावणार आहें. तरी हें सांगून टाकलेलें बरें. कारण या माणसाला कोणीं कसें संबोधिलें हाच पुढें वादाचा विषय होऊन बसला आहे.

होसे राऊल कापाब्लांका हा क्यूबा बेटाचा. १९२१ पासून १९२७ पर्यंत तो जगज्जेता होता, आणि १९१६ ते १९२४ या आठ वर्षांत एकाहि डावांत त्याला कोणी हरवूं शकलें नव्हतें. माणूस नव्हे, यंत्र आहे, असें त्याच्याविषयीं म्हणत. त्याच्या डावांत खटाटोप दिसत नाहीं. पाणी उताराकडे वाहावें तसा डाव त्याच्याकडे वाहत जातो, आणि प्रतिपक्षाला आपण कोठें चुकलों हें शेवटपर्यंत उमगत नाहीं. हेस्टिंग्जच्या त्या स्पर्धेंत दहा खेळाडू होते आणि कापाब्लांकाचें नांव अर्थातच सर्वांत मोठें होतें.

सुलतानखानाकडे पांढरीं मोहरीं होतीं. कापाब्लांकानें जो बचाव घेतला त्याचें नांव क्वीन्स इंडियन डिफेन्स. आपण त्याला वजिराकडील हिंदी बचाव म्हणूं. या 'हिंदी' शब्दाची कथा मौजेची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कलकत्त्याला जॉन कॉक्रेन नांवाचा एक बॅरिस्टर होता, आणि महेशचंद्र बॅनर्जी नांवाच्या एका बंगाली खेळाडूशीं त्याचे पुष्कळ डाव झाले. महेशचंद्र देशी वळणाचा खेळाडू. तो प्यादीं एक-एक घर चालवी, उंटाला कोपऱ्याजवळच्या घरांत बसवून लांब तिरप्या ओळीवरून पटाच्या मध्यावर नजर ठेवावयाला लावी, आणि प्रतिपक्षाला मधली जागा खुशाल घेऊं देई. त्या काळच्या विलायती पंडितांना ही मांडणी अडाणीपणाची वाटे. पुढें १९२० च्या सुमारास युरोपांतल्या नव्या पिढीनें तीच कल्पना उचलली, तिचें शास्त्र केलें, आणि अशा सर्व बचावांना 'इंडियन' हें नांव रूढ झालें. म्हणजे हेस्टिंग्जला त्या दिवशीं क्यूबाचा मनुष्य हिंदी बचाव खेळत होता आणि हिंदुस्थानांतला मनुष्य तो फोडीत होता.

चार-चार खेळ्या झाल्या तेव्हांचा पट असा होता. पांढऱ्याचीं दोन प्यादीं मध्यभागीं पुढें आलेलीं, दोन्ही घोडे बाहेर. वजिराकडील घोडा प्याद्यामागें बसून मधल्या दोन मोलाच्या घरांवर लक्ष ठेवून होता. त्याच घरांपैकीं एकावर कोपऱ्याजवळून काळ्याचा एक उंट रोखलेला. आतां काळ्याचा दुसरा उंट तिरपा धांवत येऊन पांढऱ्याच्या या घोड्यासमोर बसणार हें उघड दिसत होतें. तसा तो बसला म्हणजे घोडा जखडला जातो. त्याच्या पाठीमागें त्याच तिरप्या ओळींत राजा उभा असल्यामुळें त्याला पाऊल उचलतां येत नाहीं. मधल्या घरांवरचा पांढऱ्याचा पहारा नांवापुरता उरतो. हिंदी बचावाचें सारें मर्म या जखडण्यांत आहे.

पांचव्या खेळीला सुलतानखानानें वजिराकडील हत्तीपुढचें प्यादें एक घर पुढें केलें.

त्या एका घरानें उंटाचें येणें बंद झालें. तो जेथें येऊन बसणार होता तें घर आतां प्याद्याच्या माऱ्याखालीं होतें. खेळीचा अर्थ एवढाच. तिच्यासाठीं एक हात खर्ची पडला, आणि विलायती शास्त्राप्रमाणें आरंभीं हात फुकट घालविणें हें पाप आहे. या वेळीं मोहरीं बाहेर काढावींत, कडेच्या प्याद्यांशीं चाळा करूं नये असें प्रत्येक प्रवेशपुस्तकांत लिहिलेलें असतें. पण हात फुकट गेला कीं नाहीं हें त्या हाताच्या मोबदल्यांत काय मिळालें यावर ठरावें. येथें घोडा मोकळा राहिला, आणि घोडा मोकळा राहिला म्हणून मध्य पांढऱ्याचा राहिला. मला तर हा सौदा स्वस्तांतला वाटतो.

कापाब्लांकानें लगेच मध्यभागीं आपलें प्यादें आणून उभें केलें. पांढऱ्यानें तें मारलें, काळ्यानें आपल्या प्याद्यानें उलट मारलें. पुढें बाराव्या खेळीला तोच न जखडलेला घोडा उडी घेऊन काळ्याच्या मुलखांत शिरला आणि पुढल्याच खेळीला काळ्याचा एक कामाचा उंट घेऊन पडला. या देवघेवींत काळ्याचें एक प्यादें दुसऱ्याच्या पाठीमागें एकाच पट्टींत जाऊन बसलें. तें बिचारें डाव संपेपर्यंत दुसऱ्या कोणाच्या तरी रक्षणावर जगणार होतें. दुसरा उंट आपल्याच प्याद्याच्या भिंतीमागें कोंडला. डोळ्यांत भरण्यासारखें यांत कांहींच नाहीं. पण अशा बारीकसारीक उणिवा सांठवूनच कापाब्लांका आजवर दुसऱ्यांना हरवीत आला होता.

मग पांढऱ्यानें राजाकडील हत्तीपुढचें प्यादें दोन घरें पुढें टाकलें, कांहीं वेळानें त्याच्या शेजारचें प्यादें दोन घरें, आणि तें आणखी एक घर. ज्या बाजूला एरव्हीं राजा किल्लेकोट करून दडून बसतो ती बाजू त्यानें स्वतःच उघडी करून टाकली; कारण आपला राजा तेथें न्यावयाचा नाहीं असें त्यानें ठरविलेलें असावें. साऱ्या डावांत त्यानें किल्लेकोट केला नाहीं. राजा मध्यावर उभा, आणि काळ्याचे दोन्ही हत्ती एका मोकळ्या पट्टींत एकामागें एक येऊन थांबलेले. हें दृश्य पाहून कोणाहि सुशिक्षित खेळाडूच्या छातींत धस्स व्हावें. कापाब्लांकालाहि आपला क्षण आला असें वाटलें असल्यास नवल नाहीं. पांढऱ्याच्या उंटानें मागल्या हत्तीवर रोख धरतांच एकविसाव्या खेळीला काळ्याचा पुढला हत्ती थेट पांढऱ्याच्या तळच्या ओळींत उतरला आणि त्यानें शह दिला. राजा शांतपणें एक घर वर आला. दुसऱ्या हत्तीनें दुसरा शह दिला. वजिरानें तो हत्ती घेतला, पहिल्या हत्तीनें वजीर घेतला, राजानें तो हत्ती घेतला. धुरळा बसला तेव्हां काळ्याकडे वजीर होता, आणि पांढऱ्याकडे त्याच्या मोबदल्यांत दोन हत्ती.

वजीर आणि दोन हत्ती यांचें पारडें साधारणतः समतोल मानतात, आणि जेथें पट मोकळा असेल तेथें वजीर हत्तींना नाचवितो. पण हा पट मोकळा नव्हता. प्याद्यांच्या दोन फळ्या एकमेकींत अडकून घट्ट झाल्या होत्या. काळ्याचा उंट कोंडलेला, घोडा त्या मागल्या प्याद्याच्या रखवालीला जुंपलेला. वजीर एकटाच पांढऱ्याच्या मुलखांत शिरला, इकडे गेला, तिकडे गेला, आणि कांहीं मारावयाला न मिळून परतला. दरम्यान पांढऱ्याचे हत्ती एकुलत्या एका मोकळ्या पट्टींत येऊन ठाण मांडून बसले. त्यानंतरच्या चाळीस खेळ्यांत मोठा चमत्कार असा एकहि नाहीं. एक दार बंद, मग दुसरें दार बंद. पासष्टाव्या खेळीला सुलतानखान जिंकला. त्या स्पर्धेंत कापाब्लांका हरला तो हाच एक डाव, आणि पहिल्या आलेल्या ऑयवेपेक्षां तो अर्ध्याच गुणानें मागें राहिला. हा डाव नुसता बरोबरींत सुटता तरी पहिला मान वांटून मिळाला असता. सुलतानखान आणखी अर्ध्या गुणानें मागें, तिसरा.

हा डाव मी अनेकदां पटावर मांडून पाहिला आहे आणि दरवेळीं मला पांचव्या खेळीशीं थांबावें लागतें. पुष्कळांनीं तिच्याकडे पाहून म्हटलें आहे कीं हें देशी खेळाचें वळण. बिचाऱ्याला शास्त्र ठाऊक नव्हतें, एक-एक घर प्यादीं चालविण्याची संवय हाताला होती, तीच येथें बाहेर आली. हें स्पष्टीकरण मोठें गोड आहे, आणि हिंदुस्थानांतल्या माणसाला तर तें अधिकच गोड वाटतें. आजोबांच्या प्याद्यानें जगज्जेत्याला जिंकलें अशी त्यांत एक गुदगुली आहे. मी स्वतः तिला वश झालों असतों. पण पट तसें सांगत नाहीं. ज्या हाताला एका घराचीच संवय जडली होती म्हणतात, त्याच हातानें त्याच डावांत दुसऱ्या कडेचीं प्यादीं गरज पडतांच दोन-दोन घरें उडविलीं. जेथें एक घर हवें तेथें एक, जेथें दोन हवीं तेथें दोन. याला संवय म्हणत नाहींत, विचार म्हणतात. देशी खेळानें त्याला कांहीं दिलें असेल तर ती संथपणाची भीति नसणें. कोंडलेल्या पटावर इतर लोक अस्वस्थ होतात, आणि हा तेथें घरच्यासारखा वावरतो. एवढें मी मान्य करीन. पण खेळी त्याची स्वतःची आहे.

आतां नांवाची गोष्ट. वजिराकडील हिंदी बचावाविरुद्ध हत्तीपुढचें प्यादें एक घर सरकविण्याची ही पद्धत आज सर्वमान्य आहे, आणि ग्रंथांतून ती टिग्रान पेट्रोशियन याच्या नांवानें ओळखली जाते. पेट्रोशियन हा अर्मेनियन वंशाचा सोव्हिएट खेळाडू, १९६३ ते १९६९ पर्यंतचा जगज्जेता. हेस्टिंग्जचा डाव झाला तेव्हां तो जेमतेम दीड वर्षाचा होता. पुढें १९८० नंतर तरुण गॅरी कास्पारोव्हनें या पद्धतीला असें तेज चढविलें कीं कांहीं जण दोघांचींहि नांवें जोडून घेतात. १९८३ सालीं युगोस्लाव्हियांतील निकशिच येथें कास्पारोव्हनें हंगेरीच्या पोर्टिश याला या आरंभानें जिंकलेला डाव अतिशय गाजला. तो डाव पटावर मांडून पाहा. खेळ्यांचा क्रम थोडा वेगळा आहे. पण पांढऱ्याच्या सहाव्या खेळीशीं जी स्थिति येते ती हेस्टिंग्जचीच, एका प्याद्याचाहि फरक नाहीं. कापाब्लांकानें पुढें प्याद्यानें मारलें, पोर्टिशनें घोड्यानें, एवढेंच. त्रेपन्न वर्षांपूर्वीं जें शास्त्राचें अज्ञान होतें तेंच आतां शास्त्र झालें होतें.

पेट्रोशियनविषयीं माझी तक्रार नाहीं. सावधपणा हा त्याचा धर्म होता. प्रतिपक्षाच्या मनांत येण्याआधींच त्याचा बेत मोडून ठेवावयाचा ही त्याची ख्याति. हें प्यादें त्याला शोभतें. शिवाय पहिल्यानें ही खेळी कोणीं केली या वादांत मला पडावयाचें नाहीं, कारण आरंभांचीं नांवें पहिल्यानें खेळणाराला क्वचितच मिळतात. जो त्यांवर वारंवार खेळतो आणि ज्याचे डाव छापले जातात त्याला मिळतात. मला बोंचतें तें निराळेंच. तीच खेळी एकानें केली तर तिला पद्धति म्हणावयाचें, आणि दुसऱ्यानें केली तर संवय.

आणि हा दुसरा मनुष्य कोण होता याचीहि एक ठरीव गोष्ट सांगितली जाते. रूबेन फाइन या अमेरिकन खेळाडूनें लिहून ठेविलें आहे कीं १९३३ सालीं लंडनला सर उमर यांच्या घरीं अमेरिकन संघाला मेजवानी होती, आणि तेथें वाढावयाला उभा होता तो सुलतानखान. ब्रिटिश साम्राज्याचा विजेता पाहुण्यांना ताटें आणून देतो! ही गोष्ट इतक्या ठिकाणीं छापली गेली आहे कीं त्याचा डाव न पाहिलेल्यांनाहि ती पाठ असते. नोकर, निरक्षर, आणि तरी अलौकिक बुद्धीचा. २०२० सालीं निघालेल्या त्याच्या इंग्रजी चरित्राच्या नांवांतसुद्धां 'नोकर' हा शब्द आहे. त्यावर त्याच्या कुटुंबांतल्या माणसांनीं लेखी आक्षेप घेतला, कीं तो निरक्षर नव्हता, चाकर नव्हता, जमीनजुमला असलेल्या घरांतला होता. जमीनदाराच्या पदरीं असलेला गुणी माणूस म्हणजे नोकर कीं आश्रित कीं मानकरी, हें ठरविणें अमेरिकन पाहुण्याला अवघड गेलें असेल. आपल्याकडच्या संस्थानांतल्या गवयांच्या आणि मल्लांच्या गोष्टी ज्यांनीं ऐकल्या आहेत त्यांना तें तितकें अवघड वाटूं नये. गवई दरबारीं असे. तो पानसुपारीहि पुढें करी. म्हणून त्याला कोणी हुजऱ्या म्हणत नसे. त्या लंडनच्या घरांत आणखी एक खेळाडू होती, मिस फातिमा. तिनें १९३३ सालीं ब्रिटिश स्त्रियांचें अजिंक्यपद जिंकलें. तिच्या डावांविषयीं याहूनहि कमी लिहिलें जातें.

ही गोष्ट खोटी असेल म्हणून मला नकोशी वाटते असें नाहीं. ती सोयीची आहे म्हणून नकोशी वाटते. निरक्षर चाकराची प्रतिभा म्हटलें कीं मग त्याच्या खेळ्यांचीं कारणें शोधण्याची गरज उरत नाहीं. देवानें दिलें, आणि हातांतून आलें. कापाब्लांकानें मात्र, हरलेल्या माणसानें दाखवावा तसा दिलदारपणा दाखवून, त्याच्या बुद्धीला असामान्य म्हटलें; आणि ज्याच्या खेळीपुढें आपण बसलेलों असतों त्याचें मत मला बाकीच्यांच्या मतापेक्षां जड वाटतें. १९३१ सालीं प्रागच्या सांघिक स्पर्धेंत ब्रिटनच्या पहिल्या पटावर बसून सुलतानखानानें फ्लोर आणि रुबिन्स्टाइन यांना हरविलें आणि त्या वेळचा जगज्जेता अलेखीन याच्याशीं बरोबरी केली. हातांतून आपोआप इतकें येत नसतें.

१९३३ च्या अखेरीस सर उमर यांच्याबरोबर तो हिंदुस्थानांत परतला. आपल्या महाराष्ट्राशीं त्याचा जो एक धागा जुळतो तो येथें. १९३५ सालीं त्याचा व्ही. के. खाडिलकर यांच्याशीं दहा डावांचा सामना झाला. खाडिलकर हे त्या काळच्या नामांकित खेळाडूंपैकीं. सुलतानखानानें नऊ डाव जिंकले आणि एक बरोबरींत सुटला. इतक्या मोठ्या खेळाडूकडून एक बरोबरी काढणें हेंहि मी खाडिलकरांच्या खातीं जमेस धरतों. त्यानंतर मोठ्या स्पर्धांतून सुलतानखानाचें नांव दिसत नाहीं. युरोपांतली त्याची कारकीर्द पुरतीं पांच वर्षेंहि नव्हती.

१९५० सालीं बुद्धिबळाच्या जागतिक संस्थेनें 'ग्रँडमास्टर' ही पदवी सुरू केली तेव्हां पहिल्या यादींत सत्तावीस नांवें होतीं. प्रागला ज्याला त्यानें हरविलें तो रुबिन्स्टाइन त्यांत होता, फ्लोरहि होता. सुलतानखान त्या वेळीं जिवंत होता, पंजाबांतच, आतां पाकिस्तान झालेल्या भागांत. पण यादींत नव्हता. सन्माननीय ग्रँडमास्टर ही पदवी त्याला २०२४ सालीं मिळाली. ती घ्यावयाला तो नव्हता. सर्गोधा येथें क्षयानें त्याला मृत्यु आला ती तारीख २५ एप्रिल १९६६. त्या दिवसांत मॉस्कोंत जगज्जेतेपदाचा सामना चालू होता. स्पास्की आव्हान घेऊन आला होता, आणि आपलें पद राखावयाला पटाशीं बसला होता टिग्रान पेट्रोशियन.